पेशीचे स्वभक्षण : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

गेल्या अंकातील उपवासाविषयीच्या लेखात ‘ऑटोफॅजी’, म्हणजे पेशींचे स्वभक्षण, हा शब्द ओझरता आला होता. त्यावर मुंबईतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे लागले. निम्म्याहून अधिक पत्रांत विचारणा एकच आहे : किती तास उपाशी राहिले म्हणजे पेशी साफ होतात? त्या पत्राचा क्रम मी मुद्दाम तिसरा लावला आहे, कारण पहिली दोन उत्तरे वाचल्याखेरीज तिसऱ्या उत्तरातील माझी नाराजी कळणार नाही.

मुलुंड येथील एक पालक : आदरणीय बाई, माझ्या मुलाच्या वहीत पेशीतील लयकारिकांना (लायसोसोमना) ‘आत्मघाती पिशव्या’ म्हटले आहे. शिकवणीचे सर मात्र त्यांना पेशीतील पुनर्वापराची केंद्रे म्हणतात. खरे कोणते, आणि परीक्षेत काय लिहावे?

परीक्षेत शाळेने शिकवले असेल ते लिहावे, म्हणजे गुण जाणार नाहीत. परंतु सरांचे म्हणणे आजच्या ज्ञानाला अधिक धरून आहे, आणि एकाच वस्तूची ही दोन वर्णने कशी झाली ती हकिगत सांगण्यासारखी आहे.

१९४९ साली बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठात ख्रिश्चन द डूव्ह हे उंदरांच्या यकृतावर काम करत होते. त्यांना जाणून घ्यायचे होते ते इन्सुलिनविषयी. यकृताचा लगदा करून त्यातील आम्ल फॉस्फटेज या विकराची (एन्झाइमची) क्रियाशीलता त्यांच्या गटाने मोजली, तेव्हा ती अपेक्षेच्या मानाने फारच कमी भरली. तोच लगदा काही दिवस शीतकपाटात राहिला, पुन्हा मोजला, आणि आता क्रियाशीलता कित्येक पटींनी वाढलेली दिसली. दुसऱ्या कोणी पहिले मोजमाप चुकले असे म्हणून विषय संपवला असता. द डूव्ह यांनी मात्र असा तर्क केला की हे विकर पटलाच्या एका पिशवीत कोंडलेले असावे आणि दिवस गेले तशी ती पिशवी झिरपू लागली असावी. १९५५ मध्ये त्यांनी या पिशव्यांना लायसोसोम हे नाव दिले. तीच आपली लयकारिका. प्रथिने, मेद, शर्करा, न्यूक्लिइक आम्ले अशा साऱ्यांची तोडफोड करणारी पन्नासहून अधिक विकरे तिच्यात असतात, त्यामुळे ती फुटली तर पेशीच पचून जाईल ही भीती स्वाभाविक होती आणि ‘आत्मघाती’ हे विशेषण त्या भीतीतून आले. प्रत्यक्षात ही विकरे आम्लधर्मी वातावरणातच नीट चालतात. लयकारिकेच्या आत सामू (पीएच) साडेचार ते पाच असतो, बाहेर पेशीद्रवात तो सातच्या थोडा वर असतो, म्हणून थोडीफार गळती झाली तरी विकरांचा जोर बाहेर येताच ओसरतो.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पिशव्यांमध्ये पेशीचेच तुकडे दिसू लागले. कुठे तंतुकणिकेचा (मायटोकॉन्ड्रियाचा) अवशेष, कुठे आंतर्द्रव्यजालिकेचा. १९६३ मध्ये लंडनमधील एका परिषदेत द डूव्ह यांनी या प्रकाराला ऑटोफॅजी हा शब्द वापरला. १९७४ चे नोबेल पारितोषिक त्यांना अल्बर्ट क्लॉद आणि जॉर्ज पलाडे यांच्याबरोबर मिळाले.

घडते ते असे. पेशीद्रवात पटलाचा एक वाटीसारखा भाग तयार होतो, तो निकामी वस्तूभोवती वाढत जातो आणि दोन्ही कडा जुळल्या की दुहेरी पटलाची बंद पिशवी होते. तिला ऑटोफॅगोसोम म्हणतात. तिचा व्यास साधारण अर्धा ते दीड मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत अशा कितीतरी पिशव्या ओळीने मावतील. ही पिशवी लयकारिकेशी एकरूप होते, विकरे आतल्या मालाचे तुकडे करतात आणि सुटी झालेली अमिनो आम्ले, मेदाम्ले व शर्करा पेशीद्रवात परत येतात. हा परतीचा प्रवास महत्त्वाचा आहे, कारण प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २०० ते ३०० ग्रॅम प्रथिने नव्याने घडतात आणि आहारातून येतात ती साधारण ७० ग्रॅम. उरलेला कच्चा माल जुनी प्रथिने मोडूनच मिळतो.

हे सारे दिसत होते, पण यामागे कोणती जनुके आहेत हे पुढची सुमारे ३० वर्षे कळले नाही. योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ मध्ये टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी किण्व निवडले, ज्याच्यावर आपल्या मुंबईचा पाव फुगतो तेच. किण्वात लयकारिकेचे काम रिक्तिका नावाची मोठी पिशवी करते. ओसुमींनी अशी वाणे घेतली ज्यांच्या रिक्तिकेत प्रथिने तोडणारी विकरेच नव्हती, आणि त्यांना उपाशी ठेवले. त्यांचा हिशेब सरळ होता : माल आत येत राहील पण पचणार नाही, तर तो साठेल आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसेल. काही तासांतच रिक्तिका नाचणाऱ्या बारीक गोळ्यांनी भरून गेल्या. मग त्यांनी हजारो उत्परिवर्तित किण्वांमधून ज्यांच्यात हे गोळे जमतच नाहीत अशी वाणे वेचली आणि १९९३ मध्ये स्वभक्षणाला अत्यावश्यक अशी १५ जनुके समोर ठेवली. त्यांतील बहुतेकांची भावंडे माणसातही सापडली. २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ओसुमींना एकट्याला मिळाले.

माझगाव येथील एक निवृत्त वाचक : माझे आयुष्य गोदीच्या आसपास गेले. दारूखान्यात जहाज तोडताना कोणता पत्रा विकायचा, कोणते यंत्र जपून काढायचे, हे जाणकार मुकादम ठरवतो. पेशीत हा मुकादम कोण? चांगला माल चुकून तोडला जात नाही का?

आपला प्रश्न फार नेमका आहे, आणि १९९० च्या दशकापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांनी त्याचे उत्तर ‘मुकादम नाही, समोर येईल ते तोडले जाते’ असेच दिले असते. उपासमारीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. अडचणीच्या काळी पेशी पेशीद्रवाचा घास घेते, त्यात चांगलेही जाते, आणि ते तिला परवडते.

खाऊनपिऊन सुखी असलेल्या पेशीत मात्र निवड चालते. निवडीची खूण म्हणजे युबिक्विटिन नावाचे चिमुकले प्रथिन. मोडायच्या प्रथिनाला युबिक्विटिनची साखळी चिकटवली जाते, आणि ती खूण पाहून प्रोटिअसोम नावाचे पिंपासारखे यंत्र त्या प्रथिनाला आत ओढून त्याचे तुकडे करते. या शोधासाठी आरोन सिखानोव्हर, अव्हराम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पिंपाचे तोंड अरुंद असल्याने त्यात एकेक प्रथिन, तेही उलगडून, जाऊ शकते. गुठळी झालेली प्रथिने किंवा आख्खी तंतुकणिका तेथे मावणार नाही. असा मोठा माल ऑटोफॅगोसोमकडे जातो, आणि तेथेही बहुधा युबिक्विटिनचीच खूण वाचली जाते. एका हाताने खूण आणि दुसऱ्या हाताने वाढते पटल धरणारी मध्यस्थ प्रथिने असतात. मुकादम म्हणावे तर त्यांना.

तंतुकणिकेचे उदाहरण मला विशेष आवडते. पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या या कणिकांच्या आतल्या पटलावर विद्युतभार असतो. कणिका धडधाकट असेल तर पिंक-१ नावाचे प्रथिन त्या भाराच्या जोरावर सतत आत खेचले जाते आणि तेथे नष्ट होते. कणिका बिघडली, भार उतरला, की पिंक-१ आत जाऊ शकत नाही आणि बाहेरच्या पटलावर साचते. ते पार्किन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला बोलावते, आणि पार्किन कणिकेवर युबिक्विटिनच्या खुणा मारत सुटते. म्हणजे येथे कोणी तपासनीस फेरी मारत नाही. बिघडलेले यंत्र बिघडल्यामुळेच स्वतःवर बावटा चढवते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी तर परिपक्व होताना आपल्या साऱ्या तंतुकणिका स्वभक्षणाने मोडीत काढतात, त्या बिघडलेल्या नसतानाही, कारण पुढचे सुमारे १२० दिवस त्यांना फक्त प्राणवायूची हमाली करायची असते.

गिरगाव येथील एक गृहिणी : मी एकादशी आणि संकष्टी वर्षानुवर्षे करते. आता मुलगा सांगतो की १६ तास पोट रिकामे ठेवले की ऑटोफॅजी सुरू होते, आणि जपानी शास्त्रज्ञाला त्यासाठीच नोबेल मिळाले. आमच्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते असे समजावे का?

ओसुमींना नोबेल मिळाले ते किण्वातील जनुके शोधल्याबद्दल. माणसाने किती तास उपाशी राहावे याविषयी त्यांच्या त्या कामात एक अक्षरही नाही, आणि त्यांचे नाव घालून फिरणारे उपवासाचे वेळापत्रक पाहिले की माझ्यातील शिक्षिकेला राग येतो.

आधी स्वभक्षणाला लगाम कसा असतो ते पाहू. पेशीत एमटॉर नावाचे एक प्रथिन आहे. अमिनो आम्लांचा पुरवठा चांगला असेल आणि इन्सुलिनचा निरोप आलेला असेल तर एमटॉर जागे असते, पेशीला वाढीला लावते आणि स्वभक्षण दाबून ठेवते. पुरवठा आटला की एमटॉरची पकड सुटते. ऊर्जाच कमी पडू लागली तर एएमपीके नावाचे दुसरे प्रथिन उलट बाजूने ढकलते. एमटॉरचा शोध ज्या औषधामुळे लागला त्याचे नाव रॅपामायसिन. १९६४ मध्ये एका कॅनेडियन मोहिमेने ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतील जिवाणूपासून ते मिळाले, आणि बेटाच्या रापा नुई या नावावरून त्याला ते नाव मिळाले. ते वेगळे काढणारे सुरेन सहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. त्यांची मॉन्ट्रियलमधील प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी तो जिवाणू स्वतःच्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये अमेरिकेत हे औषध मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांसाठी मान्य झाले. ते प्रतिकारशक्ती दाबते, तेव्हा स्वभक्षण वाढवण्यासाठी आपल्या मनाने घेण्याचे ते औषध नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवते.

उपाशीपणाने स्वभक्षण वाढते याविषयी शंका नाही. सर्वांत सुंदर पुरावा उंदरांच्या नवजात पिलांचा आहे. जन्मताना नाळ तुटते आणि आईच्या दुधाची सवय होईपर्यंत पिलाचा पुरवठा एकाएकी थांबतो. जपानमधील नोबोरू मिझुशिमा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की नेमक्या याच तासांत पिलाच्या हृदयात, स्नायूंत आणि इतर अवयवांत स्वभक्षण उसळते आणि दोनेक दिवसांत पूर्वपदावर येते. ज्या पिलांत त्यासाठी लागणारे एटीजी-५ हे जनुक नव्हते ती दिसायला जवळजवळ इतरांसारखीच जन्मली, पण एका दिवसात दगावली.

आता तासांचा प्रश्न. १६ तासांनी सुरू, २४ तासांनी जोरात, असले आकडे माणसाच्या यकृतात किंवा मेंदूत मोजून काढलेले नाहीत. उंदराचा चयापचय आपल्यापेक्षा फार वेगवान असतो, एका दिवसाच्या उपासमारीत त्याचे वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरू शकते, त्यामुळे त्याचा एक दिवस म्हणजे आपला एक दिवस नव्हे. शिवाय ‘सुरू होते’ हा शब्दच चुकीचा आहे. स्वभक्षण आपण हे वाचत असतानाही चालू आहे. प्रत्येक रात्रीच्या झोपेत, जेवणांमधील अंतरात, ते थोडे वर जाते आणि जेवल्यावर खाली येते. यकृताचा वेग वेगळा, मेंदूचा वेगळा. व्यायामानेही ते स्नायूंत वाढते असे उंदरांवरील २०१२ च्या प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा सकाळी शिवाजी पार्काला फेऱ्या मारणाऱ्यांनी घड्याळात उपवासाचे तास मोजणाऱ्यांचा हेवा करण्याचे कारण नाही.

एकादशीचे म्हणाल तर ते व्रत आहे आणि त्याचा हेतू पेशी साफ करणे हा नाही. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे उगाच म्हटलेले नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर बटाटा आणि दाण्याचे कूट. एवढ्याने इन्सुलिनही वाढते, अमिनो आम्लेही येतात, आणि एमटॉरला उपवास आहे हे कळतसुद्धा नाही. आपण श्रद्धेने उपवास करत असाल तर जरूर करावा, त्याला ओसुमींच्या शिफारशीची गरज नाही. मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर निरंकार उपवासात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वाचकांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी आणि कृश वृद्धांनी, मुलाच्या मोबाइलवरील वेळापत्रकाऐवजी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

अंधेरी येथील एक तरुण वाचक : माझ्या शरीरात ऑटोफॅजी किती चालू आहे हे रक्त तपासून कळेल का?

नाही. रुग्णांसाठी वापरता येईल अशी कोणतीही मान्य चाचणी आज नाही, आणि त्यामागील अडचण समजून घेण्याजोगी आहे. समजा आपल्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या गाड्या रोजच्यापेक्षा दुप्पट उभ्या दिसल्या. कचरा उचलण्याचे काम जोरात चालू आहे असे म्हणावे, की देवनारच्या कचराभूमीवर गाड्या रिकाम्या होत नाहीत म्हणून त्या तुंबल्या आहेत असे म्हणावे? नुसत्या गाड्या मोजून हे कळत नाही. पेशीतही ऑटोफॅगोसोम अधिक दिसले याचा अर्थ काम वाढले असा होईल किंवा लयकारिका बंद पडली असा होईल. प्रयोगशाळेत लयकारिका औषधाने मुद्दाम अडवून, अडवण्यापूर्वी आणि नंतर किती पिशव्या साठल्या याचा फरक काढतात. जिवंत माणसाच्या मेंदूवर किंवा यकृतावर हा प्रयोग करता येत नाही.

परळ येथील एक वाचक : वडिलांना पार्किन्सनचा आजार आहे. हा आजार पेशींचा कचरा न उचलल्यामुळे होतो असे वाचले. तसे असेल तर कचरा उचलण्याचे औषध का देत नाहीत?

आपल्या वडिलांची प्रकृती स्थिर राहो. आपण वाचलेले अंशतः खरे आहे. वरील उत्तरातील तुंबलेल्या गाड्यांचे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

त्वचेची किंवा आतड्याची पेशी विभागत राहते आणि साचलेला मळ दोन कन्यापेशींत वाटला जाऊन विरळ होतो. मेंदूतील चेतापेशी बहुधा जन्मभर तीच राहते, म्हणून तिला सफाईवाचून गत्यंतर नसते. २००६ मध्ये जपानमधील दोन गटांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींतून स्वभक्षणाची जनुके काढून टाकली. या उंदरांत कोणत्याही आजाराचे सदोष प्रथिन घातलेले नव्हते, तरीही त्यांच्या चेतापेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचल्या, चालताना तोल जाऊ लागला आणि पेशी मरू लागल्या.

माणसातील पार्किन्सनमध्ये अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या चेतापेशींत सापडतात. तरुण वयात सुरू होणाऱ्या काही आनुवंशिक प्रकारांत पार्किन किंवा पिंक-१ या जनुकांत दोष असतो. माझगावच्या वाचकांना सांगितलेला बावटाच तेथे चढत नाही. दुसऱ्या काही कुटुंबांत दोष अगदी शेवटच्या टप्प्यावर, लयकारिकेत असतो. गोशे नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, ज्यात ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे विकर पुरेसे नसल्याने एक मेद लयकारिकांत साठत जातो आणि यकृत व प्लीहा फुगतात. त्या रुग्णांना दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेले असते. ज्यांच्याकडे ते एकच आहे त्यांना गोशे होत नाही, पण पार्किन्सनचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो, जरी त्यांच्यापैकी बहुतेकांना तो कधीच होत नाही. गोशेच्या रुग्णांना ते विकर शिरेतून देता येते आणि त्याने यकृत-प्लीहा ओसरतात. उपचार अतिशय महाग आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या धोरणाखाली ठरवलेल्या केंद्रांत आपल्या परळचे केईएम रुग्णालय आहे, हे येथे मुद्दाम नोंदवते. पण ते विकर रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून पार्किन्सनला त्याचा उपयोग नाही.

आता औषध का नाही ते पाहा. एका रुग्णात खूण मारण्याचे काम बिघडलेले, दुसऱ्यात पिशवी जुळण्याचे, तिसऱ्यात लयकारिकेतील पचनाचे. तिसऱ्या रुग्णाला स्वभक्षण ‘वाढवणारे’ औषध दिले तर भरलेल्या गाड्या आणखी निघतील आणि त्याच बंद फाटकासमोर उभ्या राहतील. कोणाचे कोठे अडले आहे हे ओळखल्याखेरीज सरसकट वेग वाढवणे उपयोगाचे नाही. त्या दिशेने चाचण्या चालू आहेत, पण आज दवाखान्यात लिहून देण्यासारखे असे औषध नाही. वडिलांची लेव्होडोपाची गोळी वेळच्या वेळी जाणे आणि रोजचा व्यायाम चुकू न देणे याला सध्या पर्याय नाही, आणि स्वभक्षणाच्या नावाखाली त्यांना उपाशी ठेवू नये; या आजारात वजन आधीच उतरत असते.

शिवडी येथील एक विद्यार्थिनी : क्षयाचा जंतू पेशीत राहूनही पचत कसा नाही? उपासाने तो मरेल का?

जंतू गिळून पचवणाऱ्या आपल्या महाभक्षी पेशी क्षयाच्या जंतूलाही गिळतात, परंतु तो ज्या पिशवीत अडकतो तिला लयकारिकेशी जुळूच देत नाही आणि तेथेच संसार थाटतो. २००४ मध्ये असे दिसले की काचेच्या बशीतील महाभक्षी पेशींना उपाशी ठेवले किंवा रॅपामायसिन दिले तर स्वभक्षण वाढून हा अडसर मोडतो आणि जंतूची संख्या घटते. येथवर वाचून कोणी उपवासाचा निष्कर्ष काढला तर तो रुग्णाच्या जिवावर बेतेल. बशीतील पेशी उपाशी असणे वेगळे आणि माणूस उपाशी असणे वेगळे, कारण कुपोषणाने सारी प्रतिकारशक्तीच ढासळते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना अधिकचे धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली गेली, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. क्षयाच्या रुग्णाने औषधाचा पूर्ण क्रम घ्यावा आणि पोटभर जेवावे.

चेंबूर येथील एक वाचक : ऑटोफॅजीने कर्करोग टळतो की वाढतो? दोन्ही वाचायला मिळते.

दोन्ही खरे आहे, फक्त वेळ निराळी. १९९९ मध्ये अमेरिकेतील बेथ लिव्हाइन यांच्या गटाने बेक्लिन-१ या स्वभक्षणाच्या जनुकाचा गाठी रोखण्याशी संबंध दाखवला, आणि पुढे त्याची एक प्रत नसलेल्या उंदरांना अधिक गाठी होतात असे आढळले. निरोगी पेशीत बिघडलेल्या तंतुकणिका वेळेवर मोडल्या गेल्या तर जनुकांची हानी कमी होते, तेव्हा सुरुवातीला स्वभक्षण आपल्या बाजूचे असते. गाठ एकदा वाढली की तिच्या गाभ्यात रक्त पोहोचत नाही, आणि मग तीच युक्ती कर्कपेशींना उपासमारीत तगवते. स्वादुपिंडाचे कर्करोग तर तिच्यावर फार विसंबलेले असतात. म्हणून कर्करोगात स्वभक्षण रोखण्याच्या चाचण्या होतात, वाढवण्याच्या क्वचितच. तो अजून नेहमीचा उपचार झालेला नाही.

दादर येथील एक वाचक : संधिवातासाठी मी चार वर्षे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते. हे औषध ऑटोफॅजी बंद पाडते असे कळल्यापासून झोप उडाली आहे. गोळी थांबवू का?

थांबवू नका. हे औषध लयकारिकेत शिरून तेथील आम्लता कमी करते आणि ऑटोफॅगोसोमना तिच्याशी जुळू देत नाही, हे खरे आहे. चेंबूरच्या वाचकांना सांगितलेल्या चाचण्यांत तेच वापरले जाते. तथापि संधिवातात त्याचा गुण येण्यात त्याच परिणामाचा वाटा आहे : प्रतिकारपेशी लयकारिकांत प्रथिने तोडून त्यांचे तुकडे इतर पेशींना दाखवतात आणि त्यातून स्वतःच्याच शरीरावरील हल्ला भडकतो, आम्लता घटली की हा प्रकार मंदावतो. संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत शरीरभरचे स्वभक्षण बंद पडत नाही आणि हे औषध कित्येक दशके वापरात आहे.

जपायचे आहेत ते डोळे. औषध दीर्घकाळ, विशेषतः जास्त मात्रेत घेतले तर दृष्टिपटलाला इजा होऊ शकते, म्हणून रोजची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासून घेतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडे कमजोर असतील तर वार्षिक तपासणी त्याआधीच सुरू करतात. आपले पाचवे वर्ष लागले आहे. पहिली तपासणी राहून गेली असेल तर ती या महिन्यातच करून घ्यावी, आणि नेत्रतज्ज्ञांकडे जाताना गोळी किती मिलिग्रॅमची आहे, केव्हापासून चालू आहे आणि आपले सध्याचे वजन किती आहे हे कागदावर लिहून न्यावे.